पाच-तीन: चौथ्या खेपेला, सतराच्या पाढ्यावर

झालं एकदाचं. पाच-तीन. म्हणजे ‘काउच टू ५के’ या नवख्यांना ५ किलोमीटर पळायला शिकवणाऱ्या नऊ आठवड्यांच्या योजनेतल्या पाचव्या आठवड्याचा तिसरा दिवस. सलग २० मिनिटं पळाले, मध्ये एक पाऊलही न चालता. मागच्या नोंदीत एवढं रडगाणं गाऊन ठेवलंय की आधी हे सांगून टाकते. आता तीन वेळा कशी तोंडावर आपटले ते.

ही योजना ज्यांनी केलीय त्यांना पाच-तीनची दहशत वेगळी सांगायला नको. पाच-एकला पळण्याचे ५ मिनिटांचे तीन तुकडे, पाच-दोनला ८ चे दोन, आणि पुढच्याच खेपेला एकदम २०. जॉश क्लार्कने १९९६ साली हे वेळापत्रक बसवलं ते पन्नाशी ओलांडलेल्या आपल्या आईसाठी. त्या माऊलीने पाच-तीनच्या दिवशी लेकाला काय काय सुनावलं असेल, ते मला फार ऐकायचंय.

पहिल्यांदा बारा मिनिटांत खेळ खलास. उजव्या बरगडीखाली कळ, तोंडाचा आ वासलेला. खापर फोडलं बुटांवर. (बुटांचं एकदाच बोलून घेते: विक्रेत्याने तळव्याची कमान बघून ‘तुम्हाला खास आधाराचेच लागतील’ म्हणून सांगितलं होतं. अमेरिकी लष्कराने नवख्या सैनिकांना तळव्याच्या आकारानुसार बूट देऊन पाहिले, दुखापती काही कमी झाल्या नाहीत. पायात घातल्यावर सुखाचे वाटतात ते घ्यावेत, संपलं.)

दुसऱ्यांदा घड्याळाने घात केला. तिसऱ्याच मिनिटाला मनगटाकडे बघितलं तर ठोके १७१. छातीत धस्स झालं आणि मुकाट चालायला लागले. घरात पाऊल टाकलं तेव्हा चेहरा बघून नवरा म्हणाला, “पळून आलीस की भांडून?”

पण हा आकडा डोक्यातून जाईना. १७१ ठोके असताना माणूस धापा टाकतो; मला तर तेव्हा साधा दमही लागला नव्हता. रात्री ठोक्यांचा आणि पावलांचा, असे दोन्ही आलेख एकाखाली एक लावले. मिनिटाला पावलं १७०, ठोके १७१. पावलं १६६ वर आली तिथे ठोकेही १६६. दोन्ही रेषा जुळ्या बहिणींसारख्या! घड्याळ माझं हृदय मोजतच नव्हतं, पाय मोजत होतं. त्याचा हिरवा उजेड कातडीखालून वाहणाऱ्या रक्ताची लय वाचतो. पट्टा सैल असला किंवा थंडीने कातडीपाशी रक्त कमी आलं, की हाताच्या हेलकाव्यांची लय जास्त ठळक होते आणि ते बापडं तीच धरून बसतं. दुसऱ्या दिवशी थोडं पळून थांबले आणि लगेच मानेवर बोटं ठेवली. १५ सेकंदांत ३४, म्हणजे १३६. त्या क्षणी घड्याळावर १६९! ठोके मोजणारा छातीचा पट्टा मागवायच्या बेतात होते. त्याआधी घड्याळ मनगटाच्या हाडाच्या दोन बोटं वर सरकवलं आणि एक भोक घट्ट केलं. पुष्कळ सुधारलं. पट्टा रद्द.

आता या शोधाने मी इतकी हरखले की तिसऱ्या खेपेला ‘ठोके तर कमीच आहेत’ म्हणत मोकाट सुटले. अकराव्या मिनिटाला आडवी. पहिल्यापेक्षाही वाईट!

तेव्हा कुठे वेगाचा तक्ता उघडला. पहिला किलोमीटर ६ मिनिटं ५० सेकंदांत, त्यानंतर नुसती घसरगुंडी. बूट नाही, घड्याळ नाही, मीच. ८ मिनिटांच्या तुकड्यात असा माज खपून जातो, कारण पुढे ५ मिनिटं चालायची सोय असते. २० मध्ये त्याचं बिल येतं. ‘गप्पा मारता येतील इतकं हळू’ हे आपण सगळेच एकमेकांना सांगत असतो, पण एकटीने पळताना गप्पा कुणाशी मारायच्या?

म्हणून पाढा. एका श्वासात, मोठ्याने: सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न. एक्कावन्नपर्यंत एका दमात पोचता आलं तर वेग बरोबर. ‘त्रिक’वर श्वास तुटला तर अजून हळू. बेचा पाढा चालत नाही, तो झोपेतही म्हणता येतो. थोडं डोकं लागलं की वेळ जातो. ॲपमधल्या बाईंनाही गप्प केलं. दहाव्या मिनिटाला ‘अर्धं झालं!’ असं इतक्या आनंदाने सांगतात की उरलेलं अर्धंच दिसायला लागतं. साधा टायमर लावला, घड्याळ बाहीखाली झाकलं.

सुरुवातीला तर लाज वाटावी इतका वेग कमी. आठव्या मिनिटाला बरगडी गप्प. बाराव्याला मी कळेची वाट बघत होते, ती आलीच नाही. चौदाव्याच्या आसपास पाढा आपोआप थांबला आणि बुटांची चुबूक-चुबूक तेवढी ऐकू येत राहिली, दोन पावलांना श्वास आत, तीन पावलांना बाहेर. टायमर वाजला तरी पंधरा-वीस पावलं उगाच पुढे पळाले, ऐटीत.

आता गोची अशी की २० मिनिटांत अंतर भरलं २.३ किलोमीटर. मूळ वेळापत्रकात या दिवसासमोर दोन मैल लिहिलंय, म्हणजे ३.२. याच वेगाने नवव्या आठवड्यात ३० मिनिटं पळाले तरी साडेतीनच होणार. पाचचं काय? जेफ गॅलोवे स्वतः १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावलेला, आणि त्याचीच शिकवण की दमायच्या आधीच चालून घ्या. तेव्हा आठवड्यातून एक चौथा दिवस घालून ४ मिनिटं पळणं, १ मिनिट चालणं असं करत ५ किलोमीटर...

नाही, थांबा. हे लिहिताना हात आपसूक डाव्या नडगीकडे गेला. आतल्या कडेला, वीतभर पट्टा दुखतोय, परवापासून. अंग तापलं की जातं आणि दुखणं पसरट आहे, त्यामुळे अजून धीर आहे; बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी दुखलं किंवा बसल्या जागी ठणकलं तर सरळ डॉक्टर. अशात चौथा दिवस वाढवणं म्हणजे शुद्ध आगाऊपणा. ठरलं: तीनच दिवस, आधी सगळी योजना पुरी, आणि पाचचा प्रयोग दहाव्या आठवड्यात तिसऱ्या दिवसाच्या जागी. तोवर रोज पायरीवर टाचा उचलायच्या, १५-१५ चे तीन फेरे.

सहा-एकला पुन्हा ५-८-५ चे तुकडे आहेत. कालपर्यंत ते गाळून थेट पुढे उडी मारायचं चाललं होतं, आता नडगीमुळे गोड वाटतायत. परवा सकाळी. २९ चा पाढा पाठ करायला घेतलाय, अठ्ठावन्नच्या पुढे रोज अडकते.