काच बसवणाऱ्याला घरी बोलावताय? मग शेजारी उभे रहा

समोरची काच बदलायला आता माणूस घरी येतो, सोसायटीच्या पार्किंगमध्येच काम उरकतं, त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं काच काढली, काच लावली, झालं. तसं नाहीये हो! जुन्या पद्मिनीला काच रबरी बीडिंगमध्ये बसवलेली असायची, आताच्या गाड्यांना ती बॉडीला पीयूने (पॉलियुरेथेनच्या चिकट पेस्टने) चिकटवलेली असते आणि तिचा टपाला आधार असतो, शिवाय बऱ्याच गाड्यांत शेजारच्या सीटची एअरबॅग याच काचेवर आपटून माणसाकडे वळते. चिकटवणं कच्चं राहिलं तर धडकेत काचच बाहेर जाणार, मग एअरबॅग टेकणार कशाला?

परवा दाजींच्या गाडीची काच बदलली तेव्हा मी पूर्ण वेळ तिथेच होतो. काच बसवणारा मुलगा कामाला पक्का होता. तारेने जुनं पीयू कापलं, मग ब्लेडने तासत आणलं पण पत्र्यापर्यंत खरवडलं नाही, एक-दोन मिलिमीटरचा थर ठेवला, कारण नवीन पीयू त्याच्यावरच घट्ट धरतं. एका कोपऱ्यात ब्लेड लागून रंग उडाला तर लगेच तिथे प्रायमर लावला आणि सुकेपर्यंत थांबला. हे सोडलं की आतून गंज धरतो आणि पावसाळ्यात पाणी डॅशबोर्डखाली उतरतं. कोणी सिलिकॉनची ट्यूब काढली तर सरळ हात धरा, ते या कामाचं नाही.

स्वतः करायचं डोक्यात असेल तर माझं मत स्पष्ट आहे, चिकटवलेली काच एकट्याने करू नका, दोन माणसं, हातमोजे, गॉगल, सक्शन कप हवेतच आणि पीयू लावलेल्या कडेला बोट लागता कामा नये.

आणि घाई नको! पीयू हवेतल्या ओलाव्याने सुकतं, गाडी किती वेळाने हलवायची ते त्या ट्यूबच्या कंपनीने दिलेलं असतं, कुठलं तासाभरात कुठलं रात्रभर, हवामानावरही आहे, म्हणून ट्यूब हातात घेऊन वाचा, एक्सपायरी पण बघा. तोवर एक खिडकी थोडी उघडी ठेवा, बंद गाडीत दार आपटलं की आतल्या हवेचा दाब ओल्या पीयूवर येतो. काच जागेवर धरायला लावलेली टेप दुसऱ्या दिवशी काढा, प्रेशर वॉशला एक-दोन दिवस नेऊ नका.

काचेमागे एडासचा (ड्रायव्हरला मदत करणाऱ्या यंत्रणेचा) कॅमेरा असेल तर त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे तो पुन्हा अचूक जुळवणं, कोण करणार ते आधीच ठरवा. इन्शुरन्समध्ये काचेवर घसारा कापत नाहीत पण क्लेम केला की नो क्लेम बोनस जाऊ शकतो, दोन्हीचा हिशोब करून बघा. फास्टॅग जुन्या काचेबरोबर जातो, नवीन टॅग बँकेकडून आधीच मागवून ठेवा.