माप बरोबर, तरी रिंग घासते

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझा साडेचार फुटी लेथ (धातू फिरवून कातण्याचे यंत्र) आहे आणि टूलरूममधील नोकरी संपल्यापासून आसपासच्या गावांतील शेतीपंपांची कामे मी त्यावर करतो. जानेवारीत शिरोळकडचे एक शेतकरी नदीवरच्या पंपाची केसिंग (बाहेरचे कवच) आणि इम्पेलर (पाणी फेकणारे चाक) खोलून घेऊन आले. इम्पेलरच्या मानेभोवती बसणारे कडे, म्हणजे वेअर रिंग, इतकी झिजली होती की दाबाखालचे पाणी पुन्हा सक्शनकडेच (पाणी ओढणाऱ्या बाजूकडेच) परतत होते आणि उसाच्या वरच्या सऱ्या कोरड्या राहत होत्या. रिंगेसाठी त्यांनी गनमेटलचे (तांबे-कथलाच्या मिश्रधातूचे) दोन नग ओतून आणले होते, पण चकात, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत, धरण्यासाठी त्यांत सूतभरही जादा लांबी नव्हती.

पहिला नग मी बाहेरून टर्न करून (कातून) थ्री-जॉ, म्हणजे तीन जबड्यांच्या, चकात धरला आणि जॉब हलू नये म्हणून चक जरा जास्तच आवळला. इम्पेलरची मान साफ केल्यावर ८२.०० मिमी भरली होती, म्हणून बोअर (आतले भोक) ८२.२५ ठेवला, भिंत जेमतेम ४ मिमी उरली. रिंग चकातून काढून व्हर्निअरने (सरकत्या जबड्याच्या मोजपट्टीने) सहा-सात ठिकाणी मोजली, सगळीकडे तेच माप आले. तरीही मानेवर चढवून फिरवताना ती घासू लागली.

“मिस्त्री, माप तर बरोबर हाय की, मग अडतंय कशानं?” शेतकऱ्यांनी विचारले.

मी मानेला मार्किंगचा निळा रंग लावला आणि रिंग पुन्हा फिरवली. रंग तीनच जागी उठला, आणि बाहेरच्या बाजूला जॉचे जे तीन वळ उमटले होते, त्यांच्या बरोबर मधोमध त्या जागा होत्या. त्या क्षणी सगळे उलगडले. रिंग जॉच्या दाबाने आत वाकलेली असतानाच मी बोअर गोल केला होता. पकड सुटताच जॉखालची भिंत बाहेर उसळली आणि मधल्या तीन जागा आत आल्या. अशा तीन फुगवट्यांच्या आकारात प्रत्येक फुगवट्यासमोर दबलेली जागा येते, एकीचे जास्त दुसरीच्या कमीत जिरते, आणि दोनच टोकांवर मोजणारा व्हर्निअर सगळीकडे सारखाच आकडा दाखवतो. इतकी वर्षे हाताळलेल्या साधनाने मला असे फसवावे, याचे मला फार वाईट वाटले.

“मामा, थोडं थांबा,” मी म्हणालो, “दुसरा नग बाजूंनी दाबायचाच नाही.”

भंगारातली १६० मिमीची बिडाची फ्लँज (जाड चकती) चकात धरून तिचे तोंड फेस केले, म्हणजे कातून सपाट केले, टूल पार जाण्यासाठी मध्ये ८६ मिमीचा खड्डा घेतला, आणि बोअर पुरा होईपर्यंत फ्लँज चकातून हलवली नाही. कारण चकात रनआउट (फिरताना किंचित हेलकावा) असला तरी जागेवर फेस केलेली बैठक स्पिंडलशी (चक फिरवणाऱ्या दांड्याशी) काटकोनातच राहते. त्याआधी कडेला ८ मिमीच्या सहा बोल्टांसाठी आटे पाडून घेतले होते. हलक्या पकडीत दोन्ही तोंडे साफ केलेला नग त्या बैठकीवर ठेवला आणि वरून फक्त काठावर टेकणारी झाकण-रिंग बसवली. डायल (हेलकावा दाखवणारे काट्याचे मापक) लावून तांब्याच्या हातोडीने ठोकत नग मध्यावर आणला आणि बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे करून आवळले. आता सगळा दाब लांबीच्या दिशेने होता. याला तीन तास गेले. बोअर मात्र पंधरा-वीस मिनिटांत झाला.

बाहेरच्या व्यासासाठी चकातच एक प्लग (रिंगेच्या आत बसणारा गोल खुंटा) टर्न केला आणि रिंग त्यावर चढवून वॉशर व नटने टोकाकडून दाबली. संध्याकाळी ती मानेवर बसवून बोटाने फिरवली, तेव्हा कुठेही न अडता फिरली. निळ्याचा एकही डाग उठला नाही. मामांनी स्वतः दोनदा फिरवून पाहिले आणि मगच केसिंग पोत्यात गुंडाळली.

फ्लँजवर एक नंबरच्या जॉसमोर पंचाची खूण करून आणि ‘८२’ ठोकून मी ती भिंतीवरच्या खिळ्याला लावली. पहिली रिंगही, निळ्याचे तीन डाग न पुसता, तिच्याच शेजारी टांगली आहे.