सायलेन्सर चोरी आणि चार हजारांचा रकाना: माझा अनुभव

मार्च २०२५. सासऱ्यांना डोळ्यांच्या तपासणीला न्यायचं म्हणून सकाळी आठला आमची मारुती इको व्हॅन चालू केली, तर ट्रॅक्टरसारखा आवाज फुटला. समोरच्या गॅलरीतून काका ओरडले, "सायलेन्सर गेला तुमचा, खाली बघा!" वाकून बघितलं. बोल्ट खोलून अख्खा सायलेन्सर काढून नेला होता, रबरी कड्या नुसत्या लोंबत होत्या. नाशिकसारख्या शहरात, दिव्याखालच्या रस्त्यावर, आमच्या दारात.

चोरांना लोखंड नको असतं, त्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हवा असतो. आत मधमाशीच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम यांचा थर असतो. धुरातले विषारी वायू तिथे मोडतात. या धंद्यात त्या जाळीच्या भुग्याला सरळ 'माती' म्हणतात आणि त्या मातीलाच पैसे मिळतात. इको जमिनीपासून पुरेशी उंच, जॅक न लावता माणूस खाली सरकतो. म्हणून इकोवाल्यांनी हे आधी वाचावं.

विम्याच्या कंपनीला लगेच फोन केला. सर्व्हेअर, म्हणजे नुकसान बघणारा माणूस, येऊन फोटो काढेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही, असं त्यांनी सांगितलं. तो दुसऱ्या दिवशी आला. इथवर काहीच अडलं नाही.

अडलं ते पोलीस ठाण्यात.

ठाणे अंमलदार म्हणाले, "ताई, गाडी जागेवर आहे ना? मग पार्ट गहाळ म्हणून ऑनलाइन नोंद करा, घरबसल्या होतं." मी केली. प्रिंट विमा कंपनीला पाठवली, तर उत्तर आलं की गहाळची नोंद चालत नाही, चोरीची तक्रार हवी. बरोबरच होतं त्यांचं. बोल्ट खोलून नेलेली वस्तू गहाळ कशी होईल?

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. या वेळी त्यांनी चोरी लिहून घेतली, पण किमतीच्या रकान्यात स्वतःच चार हजार टाकले. "२०२० ची गाडी, जुना सायलेन्सर, भंगारात एवढेच येणार." घरी सासरे खोळंबले होते, मला निघायची घाई होती, मी सही केली. ती सही करायला नको होती. हातात पडली ती एन.सी., म्हणजे अदखलपात्र नोंद. कंपनीने तीही परत केली आणि एफआयआर मागितला.

मग माझ्या मावसभावाने, तो वकिली करतो, मला तो रकाना समजावला. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. त्यात साध्या चोरीचं कलम ३०३(२) आहे. चोरीला गेलेल्या मालाची किंमत पाच हजारांच्या आत असेल तर तो गुन्हा अदखलपात्र धरला जातो. म्हणजे चार हजार हा आकडा लिहिला की एफआयआर होतच नाही, पुढे तपासही नाही. माझ्या हातात नव्या सायलेन्सरचं कोटेशन होतं ४८ हजारांचं. एका आकड्याने चोरीची जातच बदलली होती.

कोटेशन घेऊन तिसऱ्यांदा गेले. साहेब बंदोबस्ताला गेलेले. साडेतीन तास बाकावर बसले. आले तेव्हा म्हणाले, "ताई, सापडणार नाही हो, कशाला मागे लागता?" मला सापडण्याची आशा नव्हतीच, मला खरं काय घडलं त्याचा कागद हवा होता. हे मी तसंच सांगितलं. आवाज चढला असेल माझा, पण मागे हटले नाही.

शेवटी वरिष्ठ निरीक्षकांच्या नावे अर्ज लिहिला, कोटेशन आणि गाडीखालचे फोटो जोडले आणि माझ्या प्रतीवर आवक शिक्का घेतला. शिक्का घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका, हे अगदी ठासून सांगते. अर्जात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे तक्रार-तपासाची पद्धत सांगणाऱ्या कायद्याचं, कलम १७३ लिहिलं होतं. गुन्हा नोंदवला नाही तर लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते, ती सोय त्याच्याच पोटकलम ४ मध्ये आहे. आणि एफआयआरची प्रत फुकट मिळायला हवी, ती पोटकलम २ मध्ये. सहाव्या दिवशी संध्याकाळी प्रत मिळाली. रिक्षात बसून मी ती दोनदा वाचली. किमतीच्या रकान्यात ४८,००० होते. मला रडू आलं.

पैशांचं आधीच सांगायला हवं होतं. गाडी चार ते पाच वर्षांची असेल तर धातूच्या पार्टवर ३५ टक्के घसारा, म्हणजे जुनेपणाची कपात, लावतात. म्हणजे ४८ हजारांचे उरले ३१,२००, त्यातून दीड लिटरच्या आतल्या इंजिनाला सक्तीची वजावट १,००० रुपये, हातात ३०,२००. विम्यात झीरो डेप्रिसिएशनचं जादा कवच घेतलेलं असतं तर घसारा वाचला असता. शिवाय माझा ४५ टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, नूतनीकरणाला शून्यावर आला. क्लेम करण्याआधी ही बेरीज-वजाबाकी कागदावर करा.

नवा सायलेन्सर बसवला त्याच आठवड्यात अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फॅब्रिकेटरकडून खालून लोखंडी पट्ट्यांचा पिंजरा करून घेतला. सलग पत्रा मारू देऊ नका, कन्व्हर्टर भयंकर तापतो, हवा खेळायला हवी. ऑक्सिजन सेन्सरपर्यंत हात जाईल एवढी जागा ठेवायला लावा, नाहीतर सर्व्हिसिंगच्या वेळी सगळं खोलावं लागतं. वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरीची वायर काढायला सांगा, नाहीतर इलेक्ट्रॉनिक्सला धक्का बसतो. आमचा पिंजरा बोल्टवर आहे. ठरावीक ताणापर्यंत आवळले की डोकं तुटून पडतं असे ते बोल्ट, साधा पाना लागत नाही. ठरवून आलेला चोर ग्राइंडर आणेल, पण ग्राइंडरचा आवाज मध्यरात्री सगळ्या गल्लीला ऐकू जातो.

कन्व्हर्टरच्या कवचावर गाडीचा नंबर कोरून घेतला आणि फोटो कोटेशनसोबत एका फाइलमध्ये ठेवला. कुणी पकडलं गेलं तर माल कुणाचा हे त्याशिवाय कळत नाही.

अजून एक राहिलं. सायलेन्सर नसताना "गॅरेजपर्यंतच तर जायचंय" म्हणून गाडी चालवू नका. धूर मागे न जाता गाडीखालीच सुटतो, आत शिरू शकतो. आम्ही टो करून नेली. आणि गॅरेजवाला स्वस्तातला नुसता पाइप लावून देतो म्हणाला तर नको म्हणा, तसली गाडी पीयूसीला पास होणं कठीण.

आता गाडी रोज रात्री भिंतीला चिकटवून लावतो, सायलेन्सरची बाजू भिंतीकडे. सासरे झोपण्याआधी बॅटरी घेऊन खाली उतरतात आणि वाकून बघून येतात.