उन्हाचे हातमोजे, भीतीचे हातमोजे

मे महिन्यात जळगावात स्कूटीवरच्या आम्ही सगळ्या पोरी हातमोजे घालतो, उन्हापायी. होली ब्लॅकच्या 'व्हाइट कॅट' या कादंबरीत (2010) अख्खी अमेरिका घालते, भीतीपायी. तिथे जादू उघड्या हाताच्या स्पर्शातून होते. कुणी नशीब फिरवतं, कुणी आठवणी पुसतं, कुणी जीवच घेतं. हे सगळं 1929पासून बेकायदा, म्हणून असे जादूवाले गुन्हेगारी घराण्यांच्या पदरी. नायक कॅसल अशाच ठकसेन घरातला. जादू नसलेला तो एकटाच, निदान त्याला तरी तसं वाटतं.

मला सगळ्यात आवडला तो जादूचा उलटा फटका. कॅसलच्या आजोबांनी स्पर्शाने माणसं मारली, तर त्यांच्या बोटांचे काळे थुटके उरले. आमच्याकडच्या पैशांचा पाऊस पाडणाऱ्या भोंदूंची बोटं मात्र शाबूत! रिकामा होतो तो गिऱ्हाइकाचा खिसा. 2013चा जादूटोणाविरोधी कायदा आला, तरी लोक फसतातच.

आजीला गोष्ट सांगितली. तिचा एकच प्रश्न: "मंग त्यानी माय काय करस?"

त्याची आई श्रीमंताला भुलवून लुबाडलं म्हणून तुरुंगात आहे, म्हटलं. आजी भलतीच खूश झाली.