आमच्या नाट्यगृहाचं वीजबिल उतरवताना

मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मेंटेनन्स बघतो आणि संध्याकाळी हौशी नाटकांची प्रकाशयोजना करतो. त्यामुळे नाट्यगृहाच्या समितीत वीजबिलाचा विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघतात. बिल फुगलं तेव्हाही खजिनदारांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "तुमच्या त्या हजार-हजार वॅटच्या दिव्यांचं कायतरी करा की ओ."

त्याच बैठकीत एका तरुण सभासदाने लॅपटॉपवर सिडनीचं ऑपेरा हाउस दाखवलं. 1973 साली उघडल्यापासून तिथली वातानुकूलन यंत्रणा शेजारच्या बंदराचं समुद्राचं पाणी वापरते, आणि 2023 मध्ये त्या इमारतीला पर्यावरणाचं सहा ताऱ्यांचं मानांकन मिळालं. "बेळगावात समुद्र कुठनं आणायचा?" असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. पण माझ्या डोक्यात ते राहिलं. त्या लोकांनी दाराबाहेर जे गार होतं ते वापरलं. आपल्या दाराबाहेर काय आहे? वारं! गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात आपल्या गावाला. नाटकांचा हंगाम दिवाळीनंतरचा, तेव्हा रात्री बाहेर स्वेटर लागतो आणि आत आपण एसी लावून बसतो.

समितीत असलं काही बोलायचं तर हातात आकडे लागतात, म्हणून आधी मोजायचं ठरवलं. कारखान्यातला टाँग टेस्टर, म्हणजे वायरला चिमट्यासारखा लावून करंट मोजायचं यंत्र, घेऊन मी मेन पॅनेलपाशी उभा राहिलो. तालमीला, प्रयोगाला, सभागृह रिकामं असताना, प्रत्येक वेळी तिन्ही फेजचा करंट लिहून घेतला. आमच्याकडे रंगमंचावर झोत टाकणारे चोवीस पार दिवे, हजार वॅटचे. सगळे एकदम पूर्ण पेटले तर चोवीस किलोवॅट. पण असं नाटकात कधी होतं? निम्मे बंद असतात, उरलेले डिमरवर, म्हणजे मंद केलेले. शिवाय ते पडदा उघडल्यावर पेटतात. हवा गार करणारे एसीचे कॉम्प्रेसर मात्र पहिल्या घंटेच्या कितीतरी आधीपासून धडधडत असतात आणि शेवटचा माणूस चपला शोधून बाहेर पडेपर्यंत थांबत नाहीत. बिलाचा मोठा वाटा तिथं होता. प्रेक्षक आल्यावर लोड कसा चढतो ते काट्यावर दिसायचं. स्वस्थ बसलेला माणूससुद्धा साधारण शंभर वॅट उष्णता सोडतो. आठशे माणसं म्हणजे ऐंशी किलोवॅट, आणि तेवढ्यालाच जवळजवळ तेवीस टन एसी लागतो. दिव्यांची उष्णता त्यात धरलेलीच नाही. खजिनदारांना म्हटलं, नाट्यगृहातली सगळ्यात मोठी शेगडी तिकीट काढून आत येते.

एसीच्या ब्लोअरची, म्हणजे हवा ढकलणाऱ्या मोठ्या पंख्याची, खोली बाल्कनीच्या मागे आहे. बाहेरची हवा आत घ्यायची झडप पत्र्याच्या डक्टवर, म्हणजे हवा नेणाऱ्या बोगद्यावर असते, ती मला शोधावी लागली. सापडली तर तिच्यावर पुठ्ठा लावून चिकटपट्टी मारलेली. गार झालेली हवा वाया जाऊ नये म्हणून कुणीतरी कधीतरी केलेला उद्योग. म्हणजे तीच ती हवा तीन तास आत फिरत होती. कोविडनंतर कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं यंत्र बऱ्याच ठिकाणी मिळू लागलं, तसलं एक मागवून मधल्या रांगेत ठेवलं. बाहेरच्या हवेत तो सव्वाचारशेच्या आसपास पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत तेवढे भाग) असतो, इथं मध्यंतरापर्यंत आकडा दीड हजाराच्या पुढे गेला. दुसऱ्या अंकात लोक जांभया देतात त्याचा सगळा दोष लेखकावर टाकायला नको, एवढं त्यातून कळलं.

पुठ्ठा काढणं सोपं होतं. भिंतीतल्या वरच्या झरोक्यांनी मात्र दमवलं. एसी बसवला तेव्हा प्लायवूड ठोकून ते बंद केलेले. आमचे वॉचमन मामा खाली उभे राहून ओरडत होते, "उघडू नकासा, वटवाघळं येत्यात!" त्यांचं खरं होतं, आधी बारीक जाळी बसवावी लागली. त्याहून मोठी अडचण आवाजाची. गंभीर प्रवेश चालू आहे आणि बाहेरून वरातीचा बेंजो, असं झालं तर नटमंडळी आम्हाला फाडून खातील. बऱ्याच चर्चेनंतर तोडगा असा निघाला: प्रयोगाआधी आणि मध्यंतरात झरोके उघडून एक्झॉस्ट पंख्यांनी सभागृह धुऊन काढायचं. प्रयोग चालू असताना झरोके बंद, फक्त ब्लोअर चालू आणि डक्टमधून बाहेरची हवा आत. कॉम्प्रेसर बंदच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढ्यावर निभावतं. एप्रिल-मे महिन्यात, भर दुपारच्या प्रयोगाला, एसी लावावाच लागतो, तिथं हट्ट करून उपयोग नाही.

दिव्यांचंही केलं, पण अर्धवट, आणि मी मुद्दामच अर्धवट ठेवलं. पाठीमागचे आणि रंगीत प्रकाशाचे पार एलईडी केले. हजार वॅटच्या जागी दीडशे-दोनशे वॅट, रंगासाठी दिव्यापुढे लावायचे जिलेटिनचे कागद नाहीत. एलईडी डिमरवर चालत नाही, त्याला सरळ सप्लाय आणि डीएमएक्सची, म्हणजे दिव्याला हुकूम पोचवणारी, वायर लागते, म्हणून वायरिंग नव्याने ओढलं. समोरचे काही हॅलोजन मात्र तसेच ठेवले. स्वस्त एलईडीखाली चेहरा आजारी दिसतो आणि हळूहळू मालवताना शेवटी एक झटका बसतो. चांगल्या एलईडीत तसं होत नाही, पण ते आमच्या ऐपतीबाहेरचे.

मग कागदपत्रं. लोड खरोखर उतरला तरी मंजूर लोड, म्हणजे वीज कंपनीकडे आपल्या नावावर लिहिलेला लोड, जुनाच राहिला तर त्याचा स्थिर आकार, म्हणजे वीज वापरा न वापरा लागणारी रक्कम, भरतच राहायचा. तो कमी करून घ्यायला अर्ज, समितीचा ठराव, परवानाधारक इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टरचा दाखला. मी मराठी शाळेत शिकलेला, कन्नड बोलतो भरपूर पण लिहायला बसलो की हात अडतो. समितीतले निवृत्त शिक्षक अण्णांनी अर्ज सुरेख अक्षरात लिहून दिला. अर्ज देण्याआधी उन्हाळ्याचे महिने धरून वर्षभराची कमाल मागणी, म्हणजे सगळ्यात जास्त चढलेला लोड, बघून घ्या, कारण एसीच्या दिवसांत मंजूर लोड ओलांडला की दंड बसतो.

बिलाशी संबंध नाही, पण प्लास्टिकचंही थोडक्यात सांगतो. कर्नाटकात 2016 च्या प्लास्टिकबंदीत फ्लेक्ससुद्धा आहे, तरी प्रत्येक संस्था फ्लेक्स घेऊन यायची. आता दारावर एक कायमची चौकट आहे, तिच्यात कापडी फलक ताणायचा. नेपथ्याचे फ्लॅट, म्हणजे भिंतीसारखे उभे करायचे रंगवलेले पट, ठेवायला मागची खोली मोकळी केली, एकांकिका स्पर्धांची पोरं तेच रंगवून पुन्हा वापरतात.

पण बिलात खरा फरक पडला तो भाडेपत्रकाने. पूर्वी भाड्यातच एसी धरलेला असायचा, मग कोण कशाला बंद करा म्हणेल? मी एसीला वेगळा सबमीटर बसवायला लावला आणि समितीने ठराव केला: भाडं कमी, एसीचं बिल युनिटप्रमाणे वेगळं. यावर बैठकीत बरीच आरडाओरड झाली, पुण्या-मुंबईच्या कंपन्या येणार नाहीत म्हणून. त्या येतात. स्थानिक संस्था तर बुकिंगलाच विचारतात, "थंडीचे दिवस आहेत, नुसत्या वाऱ्यावर भागतंय न्हवं?" सत्कार-समारंभवाले मात्र अजूनही डिसेंबरात एसी मागतात, सूट घालायचे असतात ना. त्यांचं मीटर आम्ही खजिनदारांना वाचायला लावतो.