तुम्ही विचारलंत म्हणून: हे कातकाम कुठं शिकलात?

अंगणातल्या पत्र्याच्या शेडमधला लेथ, म्हणजे लाकूड गोल फिरवून कातायचं यंत्र, पाहिला की पाहुणे विचारतातच, “रिटायर झाल्यावर हे कुठं शिकलात ओ?” खरं सांगायचं तर शिकलो अकराव्या वर्षी, आणि तेव्हा पटाशीला हातसुद्धा लावला नव्हता.

सोलापुरात, साखर पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका कातारीमामांचा चरक होता. विजेचा नव्हे. लाकडाला दोरीचे वेढे घालायचे आणि समोर बसून एकानं दोन्ही टोकं आळीपाळीनं ओढायची. सुट्टीत ते काम माझं. लाकूड एकदा पुढं फिरे, एकदा मागं. पुढं फिरताना मामा पटाशी टेकवत, मागं फिरताना अलगद उचलत. लाटणी, भोवरे, पाळण्याचे दांडे. माझी नजर दोरीवर, म्हणून काम मी ऐकायचो. धार चांगली असली की सरसर, बोथट झाली की खरखर. ठक् झालं की हात थांबवायचा.

पुढं चाळीस वर्षं चादरींच्या कारखान्यात हिशेब लिहिण्यात गेली. निवृत्तीनंतर एकदा विजापूर रोडवर एका फर्निचरवाल्याच्या दारातून तोच सरसर आवाज आला आणि मी रस्त्यात उभाच राहिलो.

विजेच्या लेथवर लाकूड एकाच दिशेनं फिरतं, मधे उसंत नाही. धार आधी टेकवली तर रुतते आणि तुकडा अंगावर येतो. आधी धारेमागचा उतार लाकडावर टेकवायचा, मग मूठ हळूच वर उचलत धार आत उतरवायची. महिनाभर ठक् ठकच चाललं होतं. एका संध्याकाळी सरसर झालं, लांबलचक छिलका मनगटावरून घरंगळला. मला मामांची फार आठवण आली.

सध्या बाभळीची काठवट चालली आहे. ज्वारीचं पीठ मळताना स्टीलची परात फिरते, काठवट जागची हलत नाही. वाळलेली बाभूळ म्हणजे लोखंड, बैलगाडीची चाकं तिची करत ती उगाच नाही. म्हणून ओली असतानाच कातायची. ओंडका मधोमध उभा चिरून गाभा काढून टाकायचा, तडा तिथूनच जातो. 10 इंची काठवटीची भिंत इंचभर जाड ठेवून ती तिच्याच छिलक्यांत, पोत्यात पुरायची. वाळताना लाकूड वलयांच्या दिशेनं जास्त आकसतं, गाभ्याकडून सालीकडं साधारण निम्मंच. त्यामुळं गोल काठवट लंबगोल होते. पूर्ण वाळली की पुन्हा लेथवर चढवून गोल करायची.

पहिल्या दोन मी एप्रिलात उघड्यावर ठेवल्या होत्या. सोलापूरचा एप्रिल! रात्रीतून चिरल्या दोन्ही.

तिसरी दिवाळीपासून पोत्यात आहे. दर रविवारी काट्यावर ठेवतो, वजन वहीत लिहितो. गेले तीन रविवार आकडा हललेला नाही, म्हणजे वाळली. येत्या रविवारी चढवणार आहे, ऐकायला या.