नोंदवहीतले वीस संगणक

शाळांना सरकारी अनुदानातून मिळालेल्या संगणकांची प्रत्यक्ष पडताळणी करणे हे माझे काम. त्या दिवशी माझ्याकडे दोन शाळा होत्या आणि दोन्हींना एकाच वर्षी, एकाच निविदेतून, प्रत्येकी २० संगणक मिळालेले होते.

पहिल्या शाळेत वीसही चालू होते. पालकांच्या वर्गणीतून देखभालीचा वार्षिक करार केलेला असल्याने त्यात नवल नव्हते. अर्ध्या तासात मी बाहेर पडलो.

दुसऱ्या शाळेत मुख्याध्यापिकांनी स्वतःच्या पर्समधून किल्ली काढून संगणक कक्ष उघडला. जडसंग्रह नोंदवहीतील, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदीतील, क्रमांकांशी वीसही यंत्रे तंतोतंत जुळत होती. निम्म्यांवरचे प्लास्टिकही निघालेले नव्हते. एक सुरू करायला गेलो तेव्हा कळले की, बिल थकल्यामुळे शाळेची वीज चार महिन्यांपूर्वीच तोडली गेली आहे. अनुदान होते ते फक्त खरेदीसाठी. वीजबिल, यूपीएसच्या बॅटऱ्या आणि दुरुस्ती यांचा पैसा कोठून यावा, याबद्दल मंजुरीच्या आदेशात अक्षरही नव्हते. "वापरले तर बिघडणार, आणि बिघडले की निर्लेखन होईपर्यंत, म्हणजे नोंदवहीतून ते रीतसर कमी होईपर्यंत, जबाब मी द्यायचा," त्या म्हणाल्या. कुलूप पाहून आलेला माझा राग तिथेच ओसरला. शिवाय या यंत्रांवरील विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तांत्रिक आधार देणे थांबवले असून त्यांचे प्रोसेसर विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. म्हणजे काही यंत्रे न वापरताच म्हातारी झाली होती. वेळापत्रकात संगणकाचा तास मात्र होता, आणि त्या तासाला मुले 'क्लिक म्हणजे काय' याचे उत्तर पाठ करत होती.

जगातील दर चार प्राथमिक शाळांपैकी एकीत वीज नाही, असे युनेस्कोच्या २०२३ च्या शिक्षण अहवालात आहे. या शाळेच्या भिंतीवर मीटर आहे, त्यामुळे कागदोपत्री ती वीज असलेल्या शाळांतच धरली जात असणार. माझ्या प्रपत्रातही 'उपलब्ध संगणक' एवढाच रकाना होता, आणि त्यात दोन्ही शाळांपुढे २० हाच आकडा खरा होता. मी दुसऱ्या शाळेच्या आकड्यापुढे समासात 'सर्व बंद' असे लिहिले.

ते वाचून मुख्याध्यापिकांनी विचारले, "यावरून संगणक परत तर नेणार नाहीत ना?"

तशी हमी देणे माझ्या अधिकारात नव्हते. मी 'सर्व बंद' खोडून 'वीज नसल्याने बंद' असे केले आणि खाली सही केली.